विकतचा तंबू

दिवाळी उरकली, पाहुणे आपापल्या घरी गेले, की कार्तिकाच्या वद्य पक्षात आम्ही घरातली सगळी मंडळी एका रात्रीसाठी भंडारदऱ्याला जाणार आहोत. मुक्काम तळ्याकाठी, तंबूत. तंबू माझा नाही. शेंडी गावाच्या पुढे एका शेतकऱ्याने आपल्या मालकीच्या तुकड्यावर उभारलेला, माणशी दर ठरवून भाड्याने दिला जाणारा तंबू आहे तो. सोबत रात्रीचं जेवण, सकाळी चहा-पोहे. तरुणपणापासून मला सह्याद्रीत हिंडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल, काहींना रागही येईल. असल्या जागांविरुद्ध मी इतकी वर्षं जे बोलत आलो ते त्यांनी ऐकलंय, आणि त्यांच्यातल्या काहींची मतं माझं ऐकूनच बनली आहेत. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

आधी माझं जुनं म्हणणं सांगतो, कारण ते उथळ नव्हतं. रान पायांनी मिळवायचं असतं, असं मी मानत होतो. गो. नी. दांडेकरांनी पायी गड हिंडून पुढच्या पिढ्यांना जे वेड लावलं, त्या वेडात मी वाढलो. गुहेत पथारी टाकायची, टाक्यातलं पाणी फडक्याने गाळून प्यायचं, तीन दगड मांडून खिचडी शिजवायची आणि पहाटे बाटली घेऊन झाडीत जायचं. हे सगळं केल्यावर जे आभाळ दिसतं ते आपलं, असा माझा विश्वास होता. पैसे मोजून, गादीवर झोपून, कुणीतरी वाढलेलं जेवून जे दिसतं त्याला मी रान म्हणायला तयार नव्हतो.

याला जोड मिळाली ती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पवना धरणाच्या काठाने तंबूंच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. वर तुंग, तिकोना आणि लोहगड, खाली मध्यरात्र उलटेपर्यंत स्पीकर. भंडारदऱ्याला मेअखेरीस काजवे बघायला जी गर्दी लोटते, तिच्यातल्या गाड्यांचे हेडलाइट मी घाटघरच्या रस्त्यावर पाहिले आहेत. अंधार बघायला आलेली माणसं अंधारच शिल्लक ठेवत नव्हती. या सगळ्याचा मला संताप यायचा आणि अजूनही येतो. फरक एवढाच की त्या संतापातून ‘काठावरचे सगळे तंबू उठवा’ हा जो निष्कर्ष मी काढत होतो, तो आता काढत नाही.

मत बदलायला सुरुवात झाली ती आईमुळे. तिचं माहेर श्रीरामपूरकडचं, पाटपाण्याच्या भागातलं. तिच्या लहानपणी ‘भंडारदऱ्याचं पाणी सुटलं’ ही बातमी आली की घराचं सगळं वेळापत्रक बदलायचं. आवर्तन किती दिवसांचं, चारीवर आधी नंबर कुणाचा, पाळी दिवसाची की रात्रीची, यावरून भावकीत बोलाचाली व्हायच्या. आजोबा रात्रीची दारं धरायला जायचे आणि ही पोर थोरल्या भावाच्या मागे कंदील घेऊन त्यांना चहा पोचवायला. उसाच्या बांधावर बसून ती तारे ओळखायला शिकली. आजोबांनी तिला मृगाच्या पोटातलं तिकांडं दाखवलं होतं. ते किती वर चढलं त्यावरून पाळी संपायला किती अवकाश आहे हे ते सांगायचे. पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी आई आजही आमच्या नाशिकच्या गच्चीत तिकांडं शोधते. कधी सापडतं, बहुतेक वेळा समोरच्या इमारतीच्या दिव्यांत हरवतं.

ते पाणी जिथून सुटायचं ते भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी १९१० च्या सुमारास प्रवरा नदीवर बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं केलं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं आणि जलाशय आर्थर लेक म्हणून ओळखला जाऊ लागला. धरणाची क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. नगर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर हा आकडा इतक्यांदा येतो की तिकडच्या माणसाला तो आपल्या सातबाऱ्याच्या आकड्यांइतकाच पाठ असतो. याच पाण्याने संगमनेर, राहाता, श्रीरामपूर आणि राहुरीच्या जमिनी भिजल्या, ऊस वाढला. लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही याच पाण्यावर. आईचं सगळं माहेर त्या धरणावर जगलं. ते धरण तिने कधी पाहिलं नव्हतं. तिथे मी कितीदा गेलो, तळ्याच्या सगळ्या बाजूंनी हिंडलो, रतनगडाच्या नेढ्यातून ते पाणी पाहिलं. तिला मात्र कधी नेलं नाही, आणि न्यावं असं माझ्या मनातही आलं नाही.

“तू एवढा जातोस तिकडे,” ती एका संध्याकाळी म्हणाली, “आमचं पाणी कुठून यायचं ते मला एकदा दाखव की. आणि रात्री राहू या. उघड्यावर झोपून किती वर्षं झाली मला.”

मी लगेच बेत आखला. गाडीने रतनवाडीपर्यंत जायचं, अमृतेश्वराच्या देवळाच्या आसपास कुणाच्या तरी शेतात माझा तंबू लावायचा, माझ्या स्टोव्हवर मी स्वयंपाक करायचा. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अहो, आई रात्री दोन-तीनदा उठतात. त्यांनी बसायचं कुठे?”

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या आहेत. तिला उकिडवं बसता येत नाही. हे मला ठाऊक होतं, रोज बघत होतो, तरी बेत आखताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी काहीतरी तोडगा काढू लागलो, घडीची खुर्ची वगैरे. तेव्हा बायको म्हणाली, “आईंचं राहू द्या. मी तुमच्याबरोबर येते ना, तेव्हा दुपारनंतर पाणीच पीत नाही. तुमच्या कधी लक्षात नाही आलं?”

नाही आलं. संध्याकाळी तिचं डोकं चढायचं. मी ते उन्हाचं समजायचो आणि तिला डोक्यावर रुमाल बांधायला सांगायचो. मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली की ती पण तेच करते, आणि कॉलेजात असताना ज्या ट्रेकांना तिने ‘परीक्षा आहे’ म्हणून नाही म्हटलं होतं त्यांतल्या कित्येक वेळी परीक्षा नव्हती, पाळी होती. वहिनीला फोन केला तर तिने आणखी एक सांगितलं. लग्नानंतर भावाने तिला हौसेने हरिश्चंद्रगडावर नेलं होतं. तिथून उतरल्यावर लघवीच्या जंतुसंसर्गाने ती आठवडाभर अंथरुणात होती. त्यानंतर ती पुन्हा कधी कुठल्या गडावर आली नाही. आम्ही समजत होतो की तिला आवड नाही.

मला हे ऐकून बरेच दिवस चैन पडलं नाही. दिवसभर तहान मारून चालण्याने काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. खेड्यांतल्या बायका अंधार पडायची वाट बघत पोट धरून बसतात, हे मी भाषणांत ऐकलं होतं, हागणदारीमुक्तीच्या फलकांवर वाचलं होतं. तेच माझ्या घरातल्या बायका माझ्याबरोबर, माझ्या आनंदासाठी करत होत्या, आणि मी त्यांना रान कसं मोकळं असतं ते समजावत होतो. ते मोकळेपण माझ्यापुरतं होतं. ज्याला भिंतीआड उभं राहून भागतं त्याने ठरवलेली ती कसोटी होती, आणि तिच्यात आई, बायको, मुलगी आणि वहिनी या सगळ्याच नापास ठरत होत्या. आमच्या ट्रेकच्या गटांत बायका कमी का असतात यावर आम्ही शेकोटीभोवती किती बोललो असू. घरच्यांचा विरोध, संस्कार, भीती, सगळी कारणं निघाली. संडास हा शब्द एकदाही कुणाच्या तोंडून निघाला नाही. निघाला असता तर कदाचित आमच्यातल्याच एखादीने पुढचं सांगितलं असतं.

मग मी जागा शोधायला लागलो, आणि शोधण्याची रीत उलटी केली. आजवर मी आधी दृश्य बघायचो. या वेळी आधी संडास विचारला. कमोड आहे का, तंबूपासून किती पावलांवर, वाटेत पायऱ्या किती, रात्री दिवा असतो का, किती माणसांमागे एक. यावर ज्यांनी ‘सर, सगळी फॅसिलिटी आहे’ एवढंच उत्तर दिलं त्यांना सोडून दिलं. एका पोराने फोनवर मला थांबवून विचारलं, “आजींना उठताना धरायला काय लागतं का?” त्याची जागा बघायला मी आधी एकटा जाऊन आलो.

घोटीहून आत वळलं की कळसूबाई उजवीकडे-डावीकडे होत राहते. १६४६ मीटरचं ते शिखर, राज्यातलं सर्वांत उंच. त्याच्या पायथ्याचं बारी मागे टाकून शेंडी गाठायची. तिथून पुढे तळ्याला वळसा घालणारा रस्ता. जागा लहान आहे. भाताची दोन खाचरं सपाट करून त्यावर मुरूम टाकलाय, मुरमाच्या ओट्यांवर आठ तंबू आणि प्रत्येक ओट्याभोवती वीतभर खोल चर, अवकाळी सर आली तर पाणी निघून जायला. मी आधी संडासाकडे गेलो. पत्र्याच्या भिंती, खाली घोटलेला कोबा, कोरडा. एकात भारतीय पद्धतीचं भांडं, दुसऱ्यात कमोड. कमोडशेजारी भिंतीत रोवलेला नळाचा पाइप, धरून उठण्यासाठी, आणि हाताला गार लागू नये म्हणून त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. लाल मग सुतळीने पिंपाला बांधला होता, कुणी नेऊ नये म्हणून. छताला एक पिवळा मंद दिवा आणि त्याच्या वरच्या बाजूने पत्र्याची टोपी, उजेड खाली पडावा, वर जाऊ नये म्हणून.

“हा कमोड माझ्या आजीसाठी बसवला होता, काका,” तो पोरगा म्हणाला. “मग पाहुण्यांना पण बरा पडाया लागला.”

सांडपाणी कुठे जातं ते मी विचारलं. त्याने मला मागे नेलं. मोरीचं पाणी एका लहान चरातून केळींच्या आळ्यांत सोडलं होतं. संडासाचे दोन शोषखड्डे तळ्याच्या उलट्या अंगाला, चढाकडे होते. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. काठापासून हे सगळं चांगलं लांब आहे. रानात मुक्कामाचे शहाणपणाचे जे नियम जगभर पाळतात त्यांत पाण्यापासून निदान साठ मीटर तरी दूर राहावं, असं सांगितलेलं असतं. मातीला गाळायला अंतर लागतं. या तळ्याच्या बाबतीत तर हा शिष्टाचार म्हणून सोडून देण्याजोगा मामला नाही. खाली किती गावं या पाण्यावर जगतात आणि किती नळ याच नदीतून भरतात, हे आईच्या माहेरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

“आजींना खाली नका झोपवू,” निघताना तो म्हणाला. “मी बाज टाकतो बाहेर. वरून चांगली गोधडी देतो. थंडी वाजली तर आत न्यायची.”

या भेटीनंतर माझं दुसरं मत डळमळलं, आणि ते माझ्या जास्त जिव्हाळ्याचं होतं. सोयींच्या मुक्कामांनी रानाची नासाडी होते आणि आमच्यासारख्या हिंडणाऱ्यांनी होत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण आम्ही ज्या गुहांत राहिलो त्यांची छतं आठवून पाहावीत. काजळीने काळी झाली आहेत ती. त्यात माझ्या चुलीचाही धूर आहे. टाक्यांच्या काठी आम्ही भांडी घासली, तीच टाकी पुढचा गट प्यायला वापरणार हे माहीत असताना. सुट्टीच्या दिवसांत एखाद्या गडावर सकाळी झाडीत पाऊल टाकायला जागा नसते, आणि ही घाण विकतच्या तंबूवाल्यांची नसते, आमचीच असते.

रानातल्या वावराचा ज्यांनी अभ्यास केलाय ते एक गोष्ट सांगतात, जी मला पूर्वी पटली नसती. कोऱ्या जमिनीवर पहिल्या काही रात्रींतच बहुतेक नुकसान होऊन जातं: गवत मरतं, माती दबते. त्यानंतर त्याच जागी आणखी शंभर जण राहिले तरी भर थोडीच पडते. म्हणून जिथे माणसांचा राबता आहे तिथे प्रत्येकाने नवी, अस्पर्श जागा शोधण्यापेक्षा सगळ्यांनी ठरलेल्या, एकदा दबलेल्या जागेतच राहणं जमिनीला कमी जाचक. मी आयुष्यभर कोऱ्या जागा शोधत आलो. ‘इथे कुणी येत नाही’ ही माझ्या लेखी जागेची सर्वांत मोठी थोरवी होती, आणि मी तिथे जाऊन ती थोरवी संपवत होतो. १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत हे तळं आहे. अशा ठिकाणी भाताच्या दोन जुन्या खाचरांवर आठ ओटे, ही माझ्या तंबूच्या भटकंतीपेक्षा रानाला हलकी पडणारी गोष्ट आहे, असं मला आज प्रामाणिकपणे वाटतं.

पैशांबद्दलही बोलतो, कारण ‘विकतचं’ हा शब्द मी शिवीसारखा वापरत आलो. अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. पाऊस धो-धो, तरी शेती एका भातपिकाची. भात निघाला की गावंच्या गावं जुन्नरकडे मजुरीला उतरतात. नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याला सकाळी मजुरांचे अड्डे भरतात, तिथे उभं राहायचं आणि कोण बोलावतं ते बघायचं. तळं यांच्या डोळ्यांसमोर, त्याचं पाणी खालच्या उसाला. त्या तळ्याच्या काठावर बसून या घरातल्या एका पोराला चार पैसे मिळत असतील आणि त्याची आई-बहीण अड्ड्यावर न जाता घरच्या चुलीवर नागलीच्या भाकरी थापून पाहुण्यांना वाढत असतील, तर त्याला नाक मुरडण्याचा मला काय अधिकार होता? मी माझा शिधा शहरातून पाठीवर वाहून न्यायचो आणि गावात एक रुपया खर्च न करता परतायचो. त्याला मी स्वावलंबन म्हणायचो. ज्याच्या शेतात तंबू लावला त्याला मी फार तर उरलेला चहा-साखरेचा पुडा दिला असेल.

जेवणाचं ठरवताना मी त्या पोराला म्हटलं, पनीर वगैरे काही नको, तुमच्याकडे जे होतं ते करा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. या मुलखात काळभातासारखी जुनी वाणं अजून टिकून आहेत. तो भात मिळाला तर हवा, नाही तर हातसडीचा कुठलाही. आईने हुलग्याच्या शेंगोळ्या मागितल्या आहेत. त्याच्या आईने फोन हातात घेऊन विचारलं, “लसूण किती चालतो आजींना?” दोघी मग अर्धा तास बोलत होत्या.

दिवस ठरवायला सर्वांत जास्त विचार करावा लागला. काजव्यांचे दिवस आम्ही टाळले. मे संपता संपता आणि मृगाच्या तोंडावर सादडा, हिरडा, बेहडा, जांभळाची झाडं एकदम लखलखतात, ते मी पाहिलंय आणि आईने पाहावं असं मला फार वाटतं. पण काजव्याचा सगळा खटाटोप जोडीदार शोधण्यासाठी असतो. नर उडता उडता चमकतो, मादी झुडपात किंवा गवतात बसून उत्तर देते. जमिनीत गोगलगाई खाऊन वाढलेल्या किड्याला पंख फुटल्यावर मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात आपण हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश घेऊन तिथे शिरलो तर त्यांचं एकमेकांना दिसणंच बंद होतं, आणि वाट सोडून गवतात उतरलो तर माद्या पायाखाली जातात. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर बंधनं घातली ती योग्यच आहेत. या एका बाबतीत मी पूर्वीपेक्षा कडक झालोय: त्या दिवसांत शनिवार-रविवारी तिथे जाऊच नये, आणि जायचंच तर आडवारी, गाडी गावातच सोडून, गावातल्या माणसाबरोबर पायी.

पावसाळा आईसाठी शक्य नव्हता. त्या दिवसांत घाटघरकडे समोरचा माणूस दिसत नाही. उन्हाळ्यात वेगळीच अडचण. हे धरणाचं पाणी आहे, याचा काठ एका जागी राहत नाही. आवर्तनं सुटत जातात तसं पाणी मागे हटतं, आणि एप्रिल-मेत तंबूपासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. उघड्या पडलेल्या जमिनीत कुठे कुठे गाळपेर झालेली असते, ती तुडवून जाता येत नाही. कार्तिकात मात्र तळं जवळजवळ भरलेलं असतं, पाणी काठाला टेकलेलं, उतारावर कुठे उशिराची सोनकी. थंडी असते पण पौषातली नसते. आणि अमावास्येच्या अलीकडचे दिवस धरले तर रात्रीचा पहिला भाग पूर्ण काळोखाचा मिळतो. संध्याकाळी पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतील, जेवणं होईतो मृग आणि त्याच्या पोटातलं तिकांडं, आणखी थोडं जागलं तर व्याध. आईला बाजेवरून मान न वळवता दिसेल अशी बाज पूर्वेकडे तोंड करून टाकायला मी त्या पोराला सांगून ठेवलंय.

पाण्यात उतरायचं नाही हे मी भाच्यांना आत्ताच बजावलंय. धरणाचा काठ फसवा असतो. दोन पावलं गुडघाभर आणि तिसरं एकदम खोल, शिवाय तळाला गाळ, पाय धरून ठेवणारा. चांगली पोहणारी मुलंही अशा पाण्यात गेली आहेत. आईच्या औषधांची पिशवी माझ्याजवळ राहील. राजूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत रात्री गाडीला किती वेळ लागतो तेही मी त्या पोराला विचारून ठेवलंय.

माझ्या जुन्या सोबत्यांपैकी एकाला हा बेत सांगितला. तो चिडला. “आज आठ तंबू आहेत, उद्या पन्नास होतील, तूच मग ओरडशील,” तो म्हणाला. त्याची भीती खरी आहे. पवनेला तेच झालं. मी त्या पोराला हे विचारलं होतं. त्याचं उत्तर असं: “संडास दोनच आहेत, काका. बोअरचं पाणी पण तेवढंच. आठाच्या वर मी घेतच नाही, शनिवारी लोकं कितीबी मागं लागू देत.” मला हे उत्तर सरकारी नियमापेक्षा भरवशाचं वाटलं, कारण त्यातली मर्यादा त्याच्या जागेतून निघाली होती. तरीही नियम हवेत, आणि ते साधे हवेत. पाण्यापासून अंतर, माणसांच्या मानाने संडास, सांडपाण्याची वाट, रात्री दहानंतर आवाज बंद, स्पीकर मुळीच नाही. हे जिथे नाही ती जागा बंद करावी, मग ती कुणा शहरी भांडवलदाराची असो नाहीतर गावच्या पाटलाची. आणि हे जिथे आहे तिथे आपण जावं, पैसे मोजून जावं, दरात घासाघीस करू नये. सोबत्याला मी हे असंच सांगितलं. तो अजून तयार नाही. पण त्याच्या बायकोने मला वेगळा फोन करून त्या जागेचा नंबर मागून घेतला.

आगाऊ रक्कम पोचती झाली आहे. गाडीत पुढची जागा आईची, पाय लांब करता यावेत म्हणून. धरणाच्या पायथ्याशी बाग आहे, तिथून पाणी सोडतात तेव्हा मोठ्या गोल खडकावरून ते छत्रीसारखं पसरतं. त्या दिवसांत सोडलेलं असेलच असं नाही, हे मी आईला आधीच सांगितलं. ती म्हणाली, ते नसलं तरी चालेल, पण आपला पाट कुठून निघतो ते तिला बघायचंय. मी तिला समजावलं की पाट भंडारदऱ्याहून निघत नाही. धरणातलं पाणी नदीतूनच खाली येतं आणि संगमनेरच्या पुढे ओझरला बंधारा आहे, तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे फुटतात. तिने थोडा विचार केला. “मग येताना ओझरवरून येऊ,” म्हणाली. त्याने परतीचा रस्ता बराच लांबतो, राजूर, अकोले, संगमनेर करत खाली उतरायचं आणि मग सिन्नरवरून नाशिक. त्या वाटेने कुठे कुठे थांबता येईल, आणि तिथे आईला चालेल असा संडास कुठे आहे, याची चौकशी मी आता करतो आहे.